ट्रेलर मागे घेताना

आम्ही राहायचो त्या शॉमबर्गच्या पश्चिमेला थोडं पुढे गेलं की तेव्हा घरं संपून मक्याची शेतं लागायची. तिथल्या एका शेताच्या कडेला, अक्रोडाच्या झाडाखाली, आम्ही आमचा ट्रेलर पहिल्यांदा पाहिला. गाडीच्या मागे जोडून न्यायचं छोटंसं घर. दोन खिडक्या, एक दार, आत रात्री पलंग होणारं टेबल, गॅसची शेगडी आणि कपाटाएवढा संडास. मूळचा पांढरा रंग उन्हाने सायीसारखा पिवळट झाला होता. आमची मुलगी आत शिरली आणि तिथूनच ओरडली, "ममा, इट्स लाइक अ डॉलहाउस!" नवरा अजून बाहेर टायर दाबून बघत होता. मी मात्र मनात पडदे लावायला सुरुवात केली होती.

ट्रेलर विकणारी बाई सत्तरीची होती. नवरा वारल्यापासून ती कुठे गेली नव्हती. "तो नकाशा बघायचा, मी चालवायचे," ती म्हणाली. आमच्याकडे प्रश्नच प्रश्न होते. आमची जुनी व्हॅन एवढं वजन ओढेल का? चढावर काय करायचं? ब्रेक कोणाचे लागतात, गाडीचे की ट्रेलरचे? तिने सगळं ऐकून घेतलं आणि आम्हाला गवतावर गुडघे टेकून बसायला लावलं. गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर ट्रेलरची दांडी कशी बसते, खालून दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन का लावायच्या, हे तिने दाखवलं. दांडी निसटलीच तर त्या साखळ्यांच्या झोळीत पडते, रस्त्यावर नाही. ट्रेलर सपाट जागी उभा नसेल तर फ्रिज गार होत नाही, हेही तिनेच सांगितलं. आमच्या वसाहतीत दारापुढे ट्रेलर ठेवायला मनाई होती. "मग राहू द्या इथेच झाडाखाली," ती म्हणाली. म्हणजे ट्रेलर आमचा झाला, पण राहिला तिच्याकडेच.

त्याच उन्हाळ्यात आई नागपूरहून आली. वडील जाऊन वर्ष झालं होतं. ती आमच्या घरात पाहुण्यासारखी वावरायची, सोफ्याच्या कडेला बसायची, खिडकीतून रिकाम्या रस्त्याकडे बघत राहायची. आम्ही तिला ट्रेलर दाखवायला नेलं तेव्हा पहिल्यांदा तिने काही विचारलं.

"हे घर आहे का गाडी?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"आणि संडासाचं पाणी कुठं जातं?"

नवऱ्याने समजावलं, की खाली टाकी असते, ती भरली की कॅम्पच्या ठरलेल्या जागी रिकामी करायची.

"बाप्पा! म्हणजे ते संगं घेऊन फिरायचं?" आई मागे सरकली. मग पुन्हा पुढे होऊन तिने शेगडीचं बटण हळूच फिरवून पाहिलं.

पहिली सहल मिशिगन तळ्याच्या पलीकडच्या किनाऱ्यावर, वाळूच्या टेकड्यांजवळ. आईने त्याला तळं म्हणायचं साफ नाकारलं, कारण पलीकडचा काठ दिसत नव्हता. वाटेत नवऱ्याच्या लक्षात आलं की आपण वळलो तरी मागचं घर थोडं उशिरा वळतं. ट्रक शेजारून गेला की अख्खी व्हॅन हळूच डुलायची, आणि मागच्या सीटवर आजी-नात एकमेकींच्या खांद्यावर झोपलेल्या असायच्या.

कॅम्पवर आमची जागा दोन झाडांच्या मधे होती. तिथे ट्रेलर मागे घेऊन लावायचा होता. नवऱ्याने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जायचा, उजवीकडे फिरवलं की तिसरीकडेच. आसपासची मंडळी खुर्च्या टाकून बघत होती. नवरा घामाघूम झाला.

"यार, हे उलटंच चालतंय. तू बस," म्हणून तो उतरला.

मला ट्रेलर विकणाऱ्या बाईचं एक वाक्य आठवत होतं: हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धर, आणि ट्रेलरचं बूड जिकडे न्यायचंय तिकडे हात ने. मी हात खाली धरला. आरशात बघते तर आई पदर खोचून ट्रेलरच्या मागे, बाजूला उभी. एसटीचा कंडक्टर करतो तसा हात हलवत ती खड्या आवाजात म्हणत होती, "येऊ दे... येऊ दे... तिकडे काहून चालली? इकडे, झाडाकडे नको... येऊ दे... बास!"

तो आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. ट्रेलर झाडांच्या मधोमध उभा राहिला. खुर्च्यांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आई लाजून आत पळाली.

त्या आनंदात चाकांखाली लाकडी ठोकळे घालायचं राहून गेलं. नवऱ्याने दांडी गोळ्यावरून सोडवली आणि घर आपणहून, अगदी शांतपणे, मागे सरकू लागलं. आतून आई म्हणाली, "पोहोचलो नव्हतो का अजून?" नवऱ्याने झेप घेऊन हाताला लागलेला ओंडका चाकाखाली सारला. ट्रेलर थांबला. आम्ही दोघं मातीत बसून हसत सुटलो. त्यानंतर ठोकळे आधी, बाकी सगळं नंतर.

सकाळी जाग आली तेव्हा खिडकीबाहेर काहीच नव्हतं. तळ्यावरून धुकं वर आलं होतं. झाडं नाहीत, वाळू नाही, शेजारचे तंबू नाहीत. फक्त पांढरं काहीतरी संथपणे सरकत होतं आणि आपलंच घर त्यातून तरंगत चाललंय असं वाटत होतं. आई उठलेली होती. तिचं त्रिशरण-पंचशील म्हणून झालं होतं आणि शेगडीवर चहा उकळत होता. नवरा आणि मुलगी गाढ झोपेत होते.

"असंच धुकं असायचं कॅम्पात," ती हळू आवाजात म्हणाली.

"कोणत्या कॅम्पात?"

"कालव्याच्या. तुझ्या बाबांची पहिली नोकरी. मजुरांची हजेरी लिहायचे ते. काम पुढं सरकलं की आमचा तंबूही पुढं. तू तंबूतच झाली."

मला सरकारी क्वार्टर माहीत होतं, त्याच्या दारातला कडुनिंब माहीत होता. त्याआधीचं काही घरात कोणी बोललंच नव्हतं.

"तंबूत कशाला? गावात खोली नव्हती?"

आईने चहा गाळला. "होत्या की. बाबा विचारायला जायचे. घरमालक आधी आडनाव विचारायचा, मग म्हणायचा, खोली कालच दिली." तिने कप माझ्या हातात दिला. "तंबू साहेबाचा असो का आपला, कापड एकच. रांगेत सगळे सारखे. माझ्या शेजारच्या बायका रोज माझ्या चुलीवरून विस्तव न्यायच्या. तेवढं सुख मला क्वार्टरात नाही लागलं."

ती हे तक्रारीने सांगत नव्हती. तिचा चेहरा वाफेमागे अगदी कोवळा दिसत होता, आणि क्षणभर मला त्या धुक्यात पांढऱ्या तंबूंची रांग दिसली, एका तंबूच्या दाराशी वाकून फुंकर घालणारी माझ्याहून कितीतरी लहान मुलगी दिसली. मी तिच्याजवळ सरकले. तिने विचारलं, "साखर बरोबर आहे का?"

पुढचे दिवस आम्ही टेकड्या चढायचो आणि आई ट्रेलरच्या पायरीवर बसून राहायची. परत येऊन बघावं तर शेजारच्या तंबूतली एक बाई तिच्याजवळ बसून चहा पीत असायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

परतीच्या वाटेवर आईने एक हट्ट धरला. "मला मागच्या घरात बसून यायचं."

"आई, चालत्या ट्रेलरमध्ये बसू देत नाहीत. धोका असतो."

पण मोठा रस्ता संपून ट्रेलर विकलेल्या बाईच्या शेतातली कच्ची वाट लागली तेव्हा मी फाटकापाशी गाडी थांबवली. तिथून पुढे वाट खासगी होती, समोरून कोणी येणार नव्हतं. नवरा आईला घेऊन ट्रेलरमध्ये बसला. मुलगी माझ्या शेजारी आली. "ममा, गो सुपर स्लो," ती म्हणाली.

मी पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने निघाले. उन्हं कलली होती. दोन्हीकडे मका डोक्याच्या वर गेला होता आणि वाऱ्याने त्याची पानं ट्रेलरला घासत होती. वळणावर बाजूच्या आरशात खिडकी दिसली. काच सरकवलेली, पडदा बाहेर उडतोय, आणि आई एक हात बाहेर काढून मक्याच्या पानांवरून फिरवतेय. मी ब्रेकवर पाय ठेवला, गाडी आणखी हळू केली.