दात बघणारे अण्णा

माझे सासरे, गुरुनाथ मुखेडकर, कायमचे आमच्याकडे अमेरिकेत आले तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. नांदेड जिल्ह्यातल्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यांत त्यांची बत्तीस वर्षं गेली. हुद्दा पशुधन पर्यवेक्षकाचा, पण गावोगाव लोक त्यांना डॉक्टरच म्हणत. कंधारच्या बाजारात बैलाचा सौदा अडला की घेणारा आणि विकणारा दोघंही म्हणायचे, "मुखेडकरांना तोंड उघडून बघू द्या. ते सांगतील ते वय."

इथे न्यू जर्सीत त्यांना कुणी काही विचारेना. मी आणि माझा नवरा परीक्षित दिवसभर ऑफिसात. अण्णा फिरून यायचे, भाजी चिरून ठेवायचे आणि जेवताना गप्प बसायचे.

आमचं गाव डेलावेअर नदीच्या अलीकडे, रानाला लागून. हरणं बेसुमार वाढली होती. त्या ऑक्टोबरात कामावर जाताना माझ्याच गाडीवर एक मादी येऊन आदळली. गाडी भंगारात गेली, मी वाचले. असे अपघात आठवड्याला दोन-तीन होत होते. शेवटी टाउनशिपनं, म्हणजे गावच्या नगरपालिकेनं, जाहीर केलं की परवाना असलेल्या शिकाऱ्यानं हद्दीतल्या रानात मादी मारली तर प्रत्येकीमागे शंभर डॉलर. नर कितीही मारले तरी कळप घटत नाही, म्हणून मादी. दर शनिवारी फायर स्टेशनमागच्या आवारात शिकार आणायची, तिथे वजन आणि नोंद व्हायची, मांस गरजूंच्या फूड पँट्रीला जायचं.

एका शनिवारी अण्णा फिरता फिरता तिथे थांबले. नोंदी ठेवणारा डेल, निवृत्त पोस्टमन, हरणाचा आकार बघून कागदावर 'प्रौढ मादी' लिहीत होता. अण्णांनी वाकून त्या मेलेल्या हरणाचा खालचा ओठ बाजूला केला.

"नो मदर," ते म्हणाले. "बेबी. मिल्क टीथ."

डेल हसला. पण अण्णांनी पुढचं हरीण दाखवलं, मग त्याच्या पुढचं. डेलचं हसू थांबलं. त्यानं वनखात्याच्या जीवशास्त्रज्ञ बाईंना, मेगनला, फोन लावला. पुढच्या शनिवारी ती दहा जबडे घेऊन आली. समोरच्या दातांवरून पाडसं ओळखणं अण्णांना जमत होतंच, मेगननं त्यांना दाढा वाचायला शिकवलं. तिसऱ्या दाढेला तीन उंचवटे असले तर जनावर साधारण दीड वर्षाच्या आतलं, दोन असले तर त्याहून मोठं. दुपारपर्यंत अण्णांनी दहापैकी नऊ बरोबर सांगितले.

घरी आले ते हातही न धुता सांगत सुटले. "रेणू, वरच्या जबड्यात पुढचे दात नाहीत बघ, अगदी बैलासारखं!"

मराठी मंडळातल्या एका काकूंनी नाक मुरडलं. "अण्णा, या वयात हरणं मारण्याच्या पापात कशाला पडता?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "ताई, फेब्रुवारीत आमच्या रानात या. कमरेएवढ्या उंचीपर्यंत झाडाला पान उरत नाही. बरगड्या मोजता येतील अशी हरणं उभी असतात. दुष्काळातल्या छावणीत मी तशी जनावरं पाहिलीत. ते मरण सोपं नसतं."

दोन हंगाम ते प्रत्येक हरणाचं वय लिहीत गेले. मग एक दिवस परीक्षितला म्हणाले, "टाउनशिपच्या मीटिंगला मला बोलायचंय. हे बक्षीस वाया चाललंय."

"अण्णा, लीव्ह इट यार. तिथे लोक खूप आर्ग्यू करतात. तुमचं इंग्लिश..."

"जनावराचं मला कळतं ना? मग झालं."

मीटिंगला आम्ही दोघं मागच्या रांगेत बसलो. अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माईकपुढे गेले आणि टेबलावर दोन जबडे ठेवले. तुटक इंग्रजीत, पण न अडखळता म्हणाले, "दोनशे अकरा हरणं आली. त्यांतली एकशे चाळीस कोवळी. म्हातारी मादी हुशार असते, माणसाचा वास आला की निघून जाते. पिल्लू समोर येऊन उभं राहतं. दोघांना एकच भाव दिला तर शिकारी पिल्लूच आणणार. आणि दरवर्षी दोन-दोन पिल्लं देणारी आई रानातच राहणार."

एक दाढीवाला शिकारी उठला. "मी आणलेली सगळी मोठी होती. हा माणूस कोण आम्हाला सांगणारा?"

अण्णांनी दोन्ही जबडे त्याच्या हातात दिले. "तुम्ही सांगा. आई कोणती?"

त्यानं बराच वेळ निरखून पाहिलं. मग एक जबडा उचलून म्हणाला, "ही. दाढा झिजल्यात." आणि खाली बसला. मेगननं उभं राहून अण्णांच्या नोंदींना दुजोरा दिला. परीक्षितनं माझा हात घट्ट धरला होता.

पुढच्या हंगामापासून नियम बदलला. पूर्ण वाढलेल्या मादीला अडीचशे डॉलर, पाडसाला काही नाही, आणि वय ठरवणार मिस्टर मुखेडकर. पहिल्या महिन्यात शिकारी कुरकुरले. मग तेही पहाटेपासून झाडांवरच्या मचाणांत तासन् तास बसून म्हाताऱ्या माद्यांची वाट बघू लागले. तीन हिवाळ्यांनंतर ड्रोननं मोजणी झाली, तेव्हा कळप निम्म्यावर आला होता. रस्त्यावरचे अपघात महिन्याला एखाद-दुसऱ्यावर आले. उरलेली हरणं अंगानं भरली होती, आणि ओढ्याकाठी ओकची गुडघाभर रोपं मी पहिल्यांदाच पाहिली.

यंदा शेजारच्या तीन गावांनी अण्णांना शिकवायला बोलावलं. मानधन देऊ केलं तर म्हणाले, "पैसे नकोत, पण मला न्यायला-आणायला कुणी यायचं नाही. मी गाडी शिकतो." चौऱ्याहत्तराव्या वर्षी पहिल्या टेस्टला नापास झाले, दुसऱ्या टेस्टला पास. आता शनिवारी आमचा चहा व्हायच्या आत ते गाडी काढतात, आणि वळणावर इंडिकेटर जरा लवकरच लावतात.