परत केलेलं पीठ

मला स्वयंपाक येत नाही. "तसं थोडंफार जमतं हो" या अर्थाने नव्हे, अजिबात येत नाही. चहा उतू जातो. भात खाली करपतो आणि वर कच्चा राहतो. पोळी या विषयावर मी बोलतच नाही. भिवंडीच्या कोर्टात मी वकिली करते, पक्षकारांशी मराठीत आणि हिंदीत सारख्याच जोरात भांडते, कंटेनरांच्या रांगेतून स्वतः गाडी काढते. हे सगळं ऐकून घेतल्यावर लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग घरी जेवता काय?"

माझ्या नवऱ्याला चहासुद्धा येत नाही. त्याला हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नाही. मला मात्र रिक्षावाल्यापासून समोरच्या पार्टीच्या वकिलापर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. बायका तर आधी हसतात, मग "चेष्टा करताय ना?" म्हणतात आणि खरंच येत नाही हे कळलं की माझ्या नवऱ्याकडे दयेने बघतात. माझा असा संताप होतो की विचारू नका.

माहेर भिवंडी शहरातलं, नोकरदारांचं. आई शाळेत शिकवायची. मी ओट्याजवळ गेले की ती पुस्तक हातात देऊन बाहेर काढायची. लग्न झालं ते मानकोलीजवळच्या गावात, आगरी घरात. तिथे सासूबाईंना स्वयंपाकघरात दुसरी बाई खपत नाही. आमचं झकास जमलं. त्या रांधायच्या, मी मन लावून जेवायचे आणि त्यांची बँकेची, तलाठ्याकडची सगळी कामं बघायचे. घरात कुणाची तक्रार नव्हती.

मग या वर्षी सासूबाई अंगणात घसरल्या आणि त्यांचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला. नेमकी त्याच आठवड्यात काकींच्या मुलाची हळद आली.

काकी म्हणजे सासूबाईंची धाकटी जाऊ. घर आमच्याच आळीत. गावातल्या जमिनी गोदामांना गेल्या तेव्हा वाटणीवरून या दोन घरांचं फाटलं ते फाटलंच. वर्षानुवर्षं एकमेकींच्या दारावरून मान वळवून जाणं चालू होतं. गेल्या गणपतीत दोघी एकदाच्या बोलल्या. सासूबाई त्या दिवशी इतक्या खुशीत होत्या की मला दोनदा जेवायला वाढलं.

हळदीच्या दिवशी सकाळी सासूबाईंना घेऊन नवरा डॉक्टरकडे गेला होता. कोर्टाला सुट्टी, मी घरी एकटी. काकींची थोरली सून टोपलीभर तांदळाचं पीठ घेऊन दारात आली. "मोठ्या काकूंना सांगा, भाकऱ्या दुपारपर्यंत पाठवा," म्हणाली.

मी आपली सरळ. प्रामाणिकपणे हात जोडून सांगितलं, "अगं, आईंचा हात प्लॅस्टरमध्ये आहे आणि मला भाकरी येत नाही. पीठ वाया जाईल. दुसऱ्या घरी दे." तिने माझ्याकडे एकदा बघितलं, टोपली डोक्यावर घेतली आणि गेली. मी निश्चिंत मनाने फाईल वाचत बसले.

सासूबाई परतल्या त्या पांढऱ्याफटक चेहऱ्याने. गावात शिरताच कुणीतरी सांगितलं होतं.

"तू पीठ परत केलास?"

"हो. आपल्याला कुठे जमणार होतं?"

त्या दाराबाहेरच्या ओट्यावरच बसल्या. मग हळूहळू मला सगळं कळलं. आमच्या गावात हळदीच्या भाकऱ्या आचारी करत नाही. लग्नघर आळीतल्या प्रत्येक घरी पीठ पाठवतं आणि प्रत्येक घरातून भाकऱ्या येतात. सगळ्यांची एकच रास होते आणि पंगत त्यातून उठते. पीठ परत करतात ते फक्त दोनच कारणांनी. घरात सुतक असलं तर, नाहीतर त्या घराशी वैर असलं तर.

"सुतक आपल्याला न्हाय," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तिनं इतक्या वर्षांनी पीठ धाडला व्हता."

"पण मी कारण सांगितलं ना त्यांना!"

"कोन खरा मानील? सासूचा हात मोडला, सुनेच्या हातांना काय झायला, असा बोलतान सगली."

एवढ्या कज्ज्यांत मी लोकांचे तुटलेले संबंध जोडून दिले होते आणि इथे घरचं जोडलेलं एका वाक्यात तोडून बसले होते. सासूबाई उठून पदर सावरायला लागल्या. स्वतः जाऊन जावेच्या पाया पडणार होत्या. मी त्यांना बसवलं, चपला अडकवल्या आणि जवळजवळ धावतच निघाले.

काकींच्या अंगणात मांडव सजला होता, स्पीकरवर गाणी लागली होती आणि मागच्या बाजूला चुलींची रांग पेटली होती. ज्यांच्या घरी गॅस पुरत नाही अशा बायका तिथेच बसून भाकऱ्या थापत होत्या. मी दिसताच थापणं थांबलं. काकी राशीजवळ उभ्या होत्या. त्यांनी मान वळवली, अगदी जुन्या दिवसांसारखी.

"काकी, पीठ परत द्या."

"कशाला? तुमाला नको व्हता ना?"

"वैर नाही हो काकी. मला खरंच भाकरी येत नाही. भाकरीच काय, काहीच येत नाही."

अंगणात हशा पिकला, पण तो बरा हशा नव्हता. एक आजी म्हणाल्या, "कोर्टात असाच बोलतस काय गो? एवढी मोठी बाय आन् भाकर येत न्हाय?"

काकी काही हसल्या नाहीत. "न्हाय येत ना? मंग बस. कर एक. आमी बघतो."

आयुष्यात इतका सोपा पुरावा मला कुणी मागितला नव्हता. मी पदर खोचला आणि पाटावर बसले. बाजूच्या बाईने उकडीचा गोळा पुढे सरकवला. मी तो परातीत ठेवून थापला. तो माझ्या तळव्याला चिकटला. सोडवायला गेले तर दोन तुकडे झाले. पुन्हा जोडला, पाणी लावलं, जरा जास्तच लावलं. आता त्याची खीर व्हायला लागली. कोरडं पीठ भुरभुरलं, पुन्हा थापलं, मधोमध भोक पडलं. भोक बुजवायला गेले तर कड निखळली. घाम गळत होता, पीठ कपाळापर्यंत गेलं होतं, आणि मी सगळा जीव ओतून करत होते. मुद्दाम बिघडवायची मला गरजच नव्हती.

शेवटी ते जे काही होतं ते दोन्ही हातांनी उचलून तव्यावर टाकलं. ते अर्धं तव्यावर पडलं आणि अर्धं चुलीत.

आधी ती आजी हसली. मग तिच्या शेजारची. मग सगळं अंगण हसायला लागलं आणि या वेळचा हशा वेगळा होता. काकींनी तोंडाला पदर लावला होता, पण खांदे गदगदा हलत होते. "अगो बाय," त्या कशाबशा म्हणाल्या, "हिला खराच येत न्हाय!" मला इतका आनंद झाला की मीही परातीसमोर बसून हसत सुटले. खटला जिंकल्यावरही मला असं कधी झालेलं नाही.

तव्यावर उरलेला अर्धा तुकडा काकींनी उलथला, भाजला आणि माझ्या समोरून उचलून नेला. सगळ्या गोल, पांढऱ्या भाकऱ्यांच्या राशीवर त्यांनी तो ठेवला. एका बाजूने काळा, एका बाजूने कच्चा.

"मोठ्या घरची आयली भाकर," त्या मोठ्याने म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "जा, जाऊबायला घेऊन ये. हात मोडलाय, गला न्हाय मोडला. हलदीची गानी कोन बोलनार?"

सासूबाई आल्या. गळ्यात हात अडकवलेला, अंगावर घाईघाईने नेसलेली नवी साडी. त्यांनी राशीकडे बघितलं, माझ्या कपाळाकडे बघितलं आणि डाव्या हाताने त्या तुकड्याची एक कड मोडून तोंडात टाकली. "कच्ची हाय," म्हणाल्या आणि काकींच्या शेजारी पाटावर जाऊन बसल्या. संध्याकाळी दोघी एका सुरात गायल्या.

मी अजून स्वयंपाक शिकलेले नाही. प्रश्नही तोच येतो, पण आता संताप होत नाही. गेल्या महिन्यात काकींच्या मुलीची हळद होती. सासूबाईंचा हात बरा झाला होता, त्यामुळे पिठाची भरलेली टोपली दारात येणार हे माहीतच होतं. टोपली आली. तिच्यावर रुमालात बांधलेलं मूठभर पीठ वेगळं ठेवलं होतं. काकींच्या सुनेने ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "यो तुमचा."