काय आणलंत?

आमचे भाऊकाका उभ्या आयुष्यात कधी रिकाम्या हातांनी घरात शिरले नाहीत. याचा अर्थ ते श्रीमंत होते असा कुणी घेऊ नये. दिवेआगरला समुद्राच्या अंगाला नारळ-पोफळींची वाडी, वाडीच्या टोकाला घर आणि घराच्या मागच्या दारात काकी, एवढाच त्यांचा पसारा. वाडीतून मागच्या दारी येताना त्यांच्या हातात काहीतरी असायचंच. गळलेली झावळ, पडलेला नारळ, वाळकी काटकी, आणि काहीच नाही मिळालं तर पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाशी असतो तो रुंद चिवट पापुद्रा. काकी आधी त्यांच्या हातांकडे बघायची, मग तोंडाकडे, आणि विचारायची, "काय आणलंत?" भाऊकाकांचं उत्तर ठरलेलं होतं. "चुलीला होईल." चांगला सोललेला नारळ आणला तरी चुलीलाच होईल. एकदा कुणा पर्यटकाची एक चप्पल उचलून आणली होती, तेव्हाही हेच उत्तर.

त्या घराला मूलबाळ नव्हतं. आमच्या गावात हायस्कूल नव्हतं. त्यामुळे मी सहावी झाल्यावर शिकायला काकांकडे आले आणि त्यांची मुलगीच होऊन गेले. त्यांच्याबरोबर वाडीतून चालणं म्हणजे शिक्षाच होती. चार पावलं टाकली की हा माणूस वाकलाच. उचलायचं, झटकून माती काढायची, काखेत धरायचं आणि पुढे जायचं. मी शाळेला निघालेली, दप्तर पाठीला, वेणीला रिबिनी, आणि हे माझ्या हातात झावळ देऊन म्हणणार, घराकडं वळून ही ठेवून जा. मी वैतागून म्हणायचे, राहू द्या ना काका, संध्याकाळी उचलू. ते शांतपणे म्हणायचे, "उचलायचं न्हाय तर पडलंय कशाला?" मी झावळ ओढत घराकडे वळायचे. मी उशिरा पोचायचे आणि बाईंची बोलणी खायचे.

पुढे गावात पर्यटक यायला लागले तशा काकीने दोन खोल्या बांधून घेतल्या. चुलीवरचं जेवण, उकडीचे मोदक, सगळं व्यवस्थित. पाहुणे खूश असायचे, पण वाडीत हिंडायला गेले की भाऊकाकांच्या तावडीत सापडायचे. पुण्याचा एखादा साहेब फोनवर बोलत चाललेला असे आणि काका त्याच्या मोकळ्या हातात झावळ देत, चाललाच हाय तर घरापर्यंत न्या म्हणून. साहेब फोन कानाला लावून झावळ ओढत यायचा. काकी दारातून हे बघून कपाळाला हात लावायची. मजा म्हणजे कुणी रागावलं नाही. उलट पुढच्या वर्षी तीच माणसं पुन्हा यायची आणि त्यांची पोरं आल्याआल्या उचलायला पळायची.

माझ्या लग्नात तर कहर झाला. वरात मांडवाच्या दारी आली, सगळे नवऱ्याकडे बघताहेत, आणि तोरणातलं एक झेंडूचं फूल सुहासच्या पायाशी पडलं. भाऊकाका वाकले. सुहासला वाटलं, एवढा मोठा माणूस आपल्या पाया पडतोय. तो घाबरून त्यांना धरायला वाकला आणि दोघांची डोकी अशी आपटली की सनईवाला थांबला. सुहासचं कपाळ लग्नाच्या सगळ्या फोटोंत लाल दिसतं. भाऊकाका फूल हातात घेऊन माफी मागत होते, पण फूल काही त्यांनी सोडलं नाही.

मग ते वादळ आलं. किनाऱ्यावरच्या माणसांना त्याच्याविषयी मी काय सांगायचं आणि इतरांना सांगून काय कळायचं? मी तेव्हा पालीला होते, शाळेतली नोकरी तिथेच. रस्ते मोकळे झाल्यावर धावत गेले. वाडी नव्हतीच. आजोबांच्या हातच्या पोफळी एकावर एक आडव्या पडल्या होत्या आणि घरातून थेट समुद्र दिसत होता. तो कधी दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. भाऊकाका मागच्या दारात उभे होते. समोर सगळंच पडलेलं होतं, आणि तो माणूस वाकला नाही. तसाच मागे फिरला आणि पुढच्या पडवीत जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसला.

त्यानंतर काका वाडीत गेले नाहीत. गडी लावून काकीने जमेल तेवढं तोडून घेतलं, बाकीचं तिथेच कुजत राहिलं. बाहेरून यायचं झालं तर ते पुढच्या दाराने यायला लागले, आणि हात रिकामे. बोलायचे, पण विचारलं तेवढंच. जेवायचे, पण वाढलं तेवढंच. संध्याकाळ झाली की काकी मात्र सवयीने मागचं दार उघडून उभी राहायची. जरा वेळ थांबायची आणि दार लावून घ्यायची. मला ते बघवायचं नाही. मी जायचं टाळायला लागले होते, खरं सांगायचं तर.

आता सुहासविषयी थोडं. आमचे हे व्याघ्रभक्त आहेत. घरात देवांचे फोटो कमी आणि वाघांचे जास्त. वादळानंतरचा दुसरा पावसाळा सरला तेव्हा त्याने आयुष्यातली मोठी सफर आखली. नागपूरहून स्वतंत्र गाडी, तोच ड्रायव्हर शेवटपर्यंत, आणि ताडोबा, पेंच, कान्हा, सातपुडा असं एकामागून एक सगळं. घाई नाही, गर्दी नाही, आपण दोघंच, असं तो म्हणत होता. मी काकीला फोनवर सहज सांगितलं तर तिने सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाली, ह्यांना पण घेऊन जाल का? मी हसलेच. मांडव्याच्या लाँचमध्ये बसल्याबसल्या ज्याला मळमळतं, तो माणूस जीपमधून रानोमाळ कसा हिंडणार? आणि वाघ बघून ते करणार काय?

"वाघाचं मेलं मला काय करायचंय," काकी म्हणाली. "वाडी गेली ती गेली गं. मानूस चाललाय माझा. उभी झाडं बघू देत ह्यांना कुठंतरी."

सुहासला सांगितलं तर तोही एका शब्दाने कुरकुरला नाही, हे मात्र त्याचं कौतुक. काका हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. बोचकं गाडीत ठेवावं तसे ते बसले. काकीने कुळथाचं पीठ, आमसुलं आणि खोबऱ्याच्या वड्या एवढं बरोबर घेतलं की जणू मध्य प्रदेशात माणसं जेवतच नाहीत.

ताडोब्यात पहिल्याच फेरीत वाघीण दिसली. नुसती दिसली नाही, आमच्या जिप्सीच्या पुढे रस्त्याच्या मधोमध रमतगमत चालत राहिली. सुहासचा कॅमेरा थांबत नव्हता. मी श्वास धरून बसले होते. काकीने हात जोडले होते. आणि भाऊकाका? ते आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते. रात्री जेवताना सुहासने विचारलं, काका, कशी वाटली वाघीण? काका म्हणाले, "होती. चालत होती." सुहासचा घास हातातच राहिला. काकी माझ्याकडे बघत होती आणि मला तिची नजर चुकवावी लागली. वाघ समोर येऊन जर माणूस हलत नसेल तर आणखी कशाने हलणार, असंच तिच्या मनात आलं असणार. माझ्याही आलं.

पेंचला मात्र जरासं काही झालं. रस्त्याच्या कडेला एक प्रचंड झाड मुळापासून उपटून पडलं होतं. पडून बरीच वर्षं झाली असावीत, अंगावर वाळवीची घरं झाली होती. काका मान वळवून मागे बघत राहिले आणि त्यांनी आपणहून गाइडला विचारलं, हे कोण उचलतं? गाइड मराठी समजणारा होता. तो म्हणाला, कोणी नाही, इथे पडलेलं तिथेच राहू द्यायचं, काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही. काका अस्वस्थ झाले. त्या दिवशी जेवताना, चहा पिताना, गाडीत बसताना एकच धोशा. एवढं पडलंय आणि उचलायला माणूस न्हाय, ही काय रीत झाली? काकीने टेबलाखाली मला करकचून चिमटा काढला. वादळानंतर प्रथमच काका कशाबद्दल तरी तक्रार करत होते.

कान्ह्याची ती सकाळ मी विसरणार नाही. थंडी मी म्हणत होती. सालवृक्षांच्या मधून उन्हाच्या तिरिपी येत होत्या. अचानक डावीकडे चितळ ओरडलं. गाइडने हात वर केला, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. पुन्हा चितळ. वाघ अगदी जवळ होता. आम्ही सगळे उभे राहून डावीकडच्या झुडपांत डोळे ताणत होतो. जिप्सीतून पाय खाली ठेवायचा नाही हा तिथला पहिला नियम, आदल्या दिवसापासून प्रत्येकाने तो आमच्याकडून घोकून घेतला होता. तेवढ्यात मागून वाळक्या पानांवर पाय पडल्यासारखा आवाज आला.

वळून बघतो तर भाऊकाका खाली. रस्त्यात आडवी पडलेली वाळकी फांदी त्यांनी उचलली होती आणि नेहमीसारखी झटकून तिची माती काढत होते. मग लांब वाटली म्हणून गुडघ्यावर मोडून तिचे दोन तुकडे केले, काखेत धरले, आणि सावकाश चढून आपल्या जागेवर येऊन बसले. गाइडने डोकं धरलं. अशा वेळी बायकोने काय करावं? नवऱ्याला ओरडावं, रडावं. काकीने आधी त्यांच्या हातांकडे बघितलं. मग तोंडाकडे. आणि अगदी हळू विचारलं,

"काय आणलंत?"

काकांनी तिच्याकडे बघितलं. हातातल्या लाकडाकडे बघितलं. आपण कुठे आहोत ते त्यांना तेव्हा कळलं असावं, पण उत्तर आधीच तोंडात आलं होतं. "चुलीला होईल," ते म्हणाले. आणि आमची काकी, वादळात डोळ्यांतून टिपूस न काढलेली बाई, भर जंगलात पदर तोंडात कोंबून रडायला लागली. रडत होती आणि हसत होती. मीही रडले. वाघ आला असता तरी आमचं तिकडे लक्ष गेलं नसतं.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. गाइडने हात जोडून दोन्ही तुकडे परत रस्त्याकडेला ठेवायला लावले. काकांना ते फार जड गेलं. जिप्सी तिथूनच फाटकाकडे परत. तिथल्या साहेबांनी आम्हाला चांगलंच फैलावर घेतलं आणि ते बरोबरच होतं. काकांनी मान खाली घालून ऐकून घेतलं, गाइडची काही चूक नाही, त्याला बोलू नका, असंही सांगितलं. आमच्या मागच्या जिप्सीला त्याच जागी वाघ दिसला, अगदी रस्त्यात बसलेला, हे ऐकल्यावर सुहास दगडावर जाऊन बसला. मी समजूत काढायला गेले तर काका माझ्या आधी पोचले. म्हणाले, "जावईबापू, घरी जाऊ या. आपलं तिकडं अजून तसंच पडलंय."

सातपुडा राहिला. सुहासने नागपूरपर्यंत कॅमेरा पिशवीतून काढला नाही. दिवेआगरला गाडी पुढच्या अंगणात थांबली, काका उतरले आणि पुढच्या दाराकडे न वळता कुंपणाच्या कडेने वाडीत शिरले. काकी आतून मागच्या दाराकडे धावली. निघताना घट्ट बसवलेली कडी निघेना, ती तिने वरवंट्याने ठोकून काढली. मी पुढेच थांबले. त्या दोघांच्या मध्ये माझं काय काम?

नंतर त्यांनी वाडी स्वतः साफ केली, सावलीला केळी लावल्या आणि केळींच्या आडोशाला पोफळीची रोपं. पोफळ लावली की फळायला वर्षं जातात. लोक म्हणायचे, भाऊ, या वयात कशाला? तर म्हणायचे, मला कुठं सुपारी खायचीय, दात हायत कुठं? रोपं त्यांच्या गुडघ्याला आली, कमरेला आली, डोक्यावर गेली. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर भाऊकाका थोडक्या आजाराने गेले. सुपारी काही त्यांना बघायला मिळाली नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं, अजून वाटतं.

ते गेल्यावर काकीने मागच्या दाराला कडी घातली. दिवसकार्य पुढच्या पडवीत झालं, येणारे-जाणारे पुढून आले आणि गेले. सगळं आटपल्यावर आम्ही पालीला निघालो, पिशव्या गाडीत ठेवल्या, तर सुहासचा पत्ता नाही. गेला असेल पक्ष्यांचे फोटो काढायला, असं म्हणून मी चिडले होते. तेवढ्यात मागचं दार वाजलं. काकीने कडी काढली.

दारात सुहास उभा होता. गळ्यात कॅमेरा, पँटला चिखल आणि हातात झावळ. भलतीच लांब, अर्धी मागे जमिनीवर लोळत असलेली. काकीने आधी त्याच्या हातांकडे बघितलं. मग तोंडाकडे बघितलं.

"काय आणलंत, जावईबापू?"

सुहासने झावळ पुढे केली. "चुलीला होईल," तो म्हणाला.

काकीने झावळ त्याच्या हातून घेतली आणि दार उघडंच ठेवून आत गेली.