दादाची जर्सी

काल लेकीच्या सुजलेल्या गुडघ्यावर दुखण्यावरचा स्प्रे मारला आणि त्या उग्र, गार वासाने मला मुंबईच्या मैदानावर नेऊन बसवलं. माझा दादा, मुरुडच्या कोळीवाड्यातला पोर, मुंबईतल्या एका व्यावसायिक फुटबॉल संघात खेळायचा. आई आणि मी पहिल्यांदाच त्याचा सामना बघायला गेलो होतो.

दादा कुणाला पासच देईना. प्रशिक्षक ओरडून थकले आणि शेवटी त्यांनी त्याला बाहेर बोलावलं. दादाने अंगातली जर्सी काढून त्यांच्या पायाशी भिरकावली. लोक शिट्ट्या मारू लागले. माझी मान वर होईना.

सामना संपल्यावर आई खाली मैदानात गेली. तिने जर्सी उचलून पदराने माती झटकली. "चुकला पोर माझा, सायेब."

प्रशिक्षकांनी हात जोडले. "मावशी, तुम्ही माफी नका मागू. परवा सरावाला ही जर्सी त्यालाच घेऊन येऊ दे."

दादा आमच्याबरोबर मुरुडला घरी आला आणि दारातच बसला. आईने जर्सी धुऊन सुकत्या बोंबलांशेजारी दोरीवर टाकली. शेजारीण विचारायला आली, "काय गो, जिंकला ना पोर?"

"व्हय, जिंकला," आई म्हणाली आणि तिने नजर चुकवली.

तेव्हा मला तिच्या खोटेपणाचीच लाज वाटली. ते बोलणं तिला किती जड गेलं असेल, ते आज कळतं. दादाला मात्र तिथेच कळलं असावं. तो दारातून उठला, त्याने ओली जर्सी दोरीवरून ओढून पिशवीत कोंबली आणि मुंबईची एसटी पकडली.

संघाने त्याला कितीतरी सामने राखीव बाकावर बसवलं. तो मुकाट बसला.