बापाची शीळ

नेपाळातल्या मुक्तिनाथकडून लुब्रा गावात उतरणारी वाट खेचरांनी पाडलेली. यांगजोमचा बाप त्या वाटेने जन्मभर खेचरे हाकत आला. तिथल्या प्रत्येक खेचरवाल्याच्या घराची शीळ वेगळी असते. आपल्या घराची शीळ ऐकली की जनावरे डोंगराला चिकटून उभी राहतात आणि दरीकडचा काठ मोकळा होतो. यांगजोमच्या घरची शीळ दोन तोकड्या, एक लांब, शेवटी घसरत जाणारी.

थोरला भाऊ कुंगा, तिचा दाइ, सायकली दुरुस्त करायचा. उतारावर सायकल चालवायला त्यानेच तिला शिकवले. सीट खाली, अंग मागे, ब्रेकवर एकच बोट. पण कड्याच्या वळणाची युक्ती तिची स्वतःची, गुडघे फोडून घेत सापडलेली. बाकी सगळे तिथे उतरून सायकल हाताने नेत. ती आधी शीळ घाली, खेचरे आत सरली की निसटता मुरूम टाळून थेट काठावरच्या सपाट दगडावरून चाक काढी. हे फक्त कुंगाला ठाऊक होते.

"कुणाला बोललास तर बघ, दाइ."

"मी? माझ्या तोंडात कायम फापराची भाकरी. बोलायला जागा कुठंय?"

त्या वर्षी याच वाटेवर होणाऱ्या सायकल शर्यतीत बायकांमध्ये पहिली येईल तिला जोमसोमच्या एका लॉजवर सायकलस्वारांना वाट दाखवण्याचे काम मिळणार होते. ते हुकले, तर यांगजोमला पोखऱ्याला मावशीच्या खाणावळीत भांडी घासायला जायचे होते. मावशीचा निरोप येऊनही गेला होता.

दुपारी वारा सुटायच्या आत खिंड उतरावी लागते, म्हणून शर्यत असली तरी खेचरांचे तांडे सकाळीच वाटेवर होते. बापाचाही होता. काठमांडूच्या संघातली सृजना थोडी पुढे निघाली. यांगजोम निश्चिंत होती. कड्यावर सृजना सायकलवरून उतरणारच.

कडा जवळ आला आणि पुढून शीळ ऐकू आली. दोन तोकड्या, एक लांब, घसरत जाणारी.

बाबाच असतील, असे तिला वाटले. पण बाप तांड्याच्या शेपटाशी तोंड मिटून, चक्रावून उभा होता. खेचरे शहाण्यासारखी आत सरली. सृजनाचे चाक काठावरच्या दगडावरून अलगद निघून गेले. यांगजोमची सगळी बोटे ब्रेकवर आवळली गेली, आणि मुरमात ती कुशीवर पडली.

खाली कुंगा उभा होता. डोक्यावर काठमांडूच्या संघाची नवी टोपी.

"तिला शीळ कुणी दिली?"

"चिडू नकोस गं. त्यांनी मला कायमचा मिस्त्री म्हणून घेतलंय. आणि साधी शीळ ती! काय कुणाच्या बापाची—"

पुढचे त्याने गिळले.

यांगजोम पोखऱ्याला गेली नाही. तिने बापाच्या हातून खेचरे घेतली. हिवाळाभर मुठीत मीठ धरून त्यांना नवी शीळ शिकवली. जुनी अंगणातसुद्धा घालायची नाही, असे बापाला बजावले. बाप दोनदा चुकला. मग गप्प राहायला शिकला.

वसंतात कुंगा काठमांडूच्या पाहुण्यांना घेऊन सायकलवरून कड्यावर आला, तेव्हा यांगजोमचा तांडा वाटेत होता. मोठ्या दिमाखात त्याने शीळ घातली. एकाही खेचराने कान हलवला नाही. करकचून ब्रेक दाबत तो कसाबसा थांबला.

"यांगजोम, जनावरं बाजूला घे ना!"

"शीळ घाल की, दाइ."

"नवी कशी आहे?"

तिने पुढच्या खेचराच्या मानेवर थाप मारली. तांडा वाटेच्या मधूनच चालत राहिला. सायकल खांद्यावर घेऊन कुंगा डोंगराला चिकटून उभा राहिला, शेवटचे खेचर जाईपर्यंत.