घरी आला तरच मोजतात

आमचा नंदाखाल गावचा पाववाला सायकल टेकवायचा नि पावाआधी बोटीवर कामाला असलेल्या त्याच्या भावाचं पत्र काढायचा. त्याला स्वतःला वाचता येत नसे. "बाय, बघा, आमची टीम काय म्हणते?"

भाऊ परदेशातल्या एका बंदरात बेसबॉलचे सामने बघे, तिथल्या टीमला आपली म्हणे नि तेवढंच लिही. परत येण्याबद्दल एक अक्षर नाही.

"दांडक्यानं चेंडू मारायचा, गोल धावायचं. निघाला ती जागा म्हणजे घर, पण घरी आला तरच मोजतात," पाववाला मला समजवायचा. 'घरी' म्हणताना आवाज उतरायचा.

मोसम संपल्याचं पत्र आलं. मी वाचलं, "आपली टीम शेवटून पहिली. शेवटच्या सामन्यात मात्र तिघं घरी आले."

"बरं! आनी?"

"चौथा मी. नाताळला येतो."

त्यानं सायकल वळवली नि सुसाट निघाला. आमचे पाव राहिलेच की हो!