नाव कोरलेला गिलास

मोहाच्या दारूचा वास आधी गोड येतो, मग आंबूस. माझा थोरला भाऊ नाला ओलांडून घराकडे वळला, की तो दारात पोचण्याआधी तो वास पोचे. मायचा हात चुलीपाशी थांबे आणि तव्यावरची भाकर एका अंगाने करपे.

भाऊ बावीस वर्षांचा होता. आमच्या वस्तीतला पहिला मास्तर, समुद्रपूरजवळच्या एका खेड्यात. शाळेच्या ओट्यावर ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ असे. बाकीचे मास्तर त्यात गडवा बुडवून पाणी घेत. भावाने मात्र ओट्याखाली उभे राहून ओंजळ पुढे करायची आणि शिपायाने वरून धार सोडायची. एकदा डबा द्यायला गेले तेव्हा मी ते पाहिले: कमरेत वाकलेला मास्तर, कोपरांवरून ओघळणारे पाणी आणि समोर बसलेला त्याचाच वर्ग.

आमचा जिल्हा दारूबंदीचा, तरी नाल्यापलीकडे पळसांच्या आड भट्टी लागे. शाळा सुटली की भाऊ तिकडे जाऊ लागला. एकदा मायने विचारलेच.

"काऊन रे बाबू, घरी पानी नाई का तुले?"

"हाये ना. पन तिथं सगळ्याइले एकच गिलास हाये, माय. मालगुजाराचा लेक पेते, अन् तोच गिलास माह्या हाती देते. पुसत बी नाई."

"अन् सकाळी वळखते का तो तुले?"

"सकाळी त्याची उतरलेली असते ना," तो म्हणाला, आणि स्वतःच हसला.

माय हसली नाही. मी तेव्हा वर्ध्याला शिकत होते, सुट्टीत घरी येत असे, आणि शिकलेल्या माणसाला सुचतो तसा उपाय मला सुचला. शाळेत त्याचे स्वतःचे भांडे असले तर वाकणे टळेल, वाकणे टळले तर नालाही टळेल. मी पितळेचा एक गिलास घेतला. भांडे घेतले की त्यावर नाव घालून घ्यायचे, ही आमच्याकडची रीतच. दुकानदाराने खिळ्याने ठोकठोकून भावाचे नाव कोरले.

"शाळेत घेऊन जाजो," मी म्हटले. "शिपाई याच्यातच पानी वतीन. वाकाचं काम नाई."

त्याने त्या अक्षरांवरून कितीतरी वेळ अंगठा फिरवला.

"चायच्या दुकानाबाहीर खुटीले आपल्या लोकाइची कपबशी टांगलेली रायते, पाह्यली ना तू? तिच्यावर नाव तेवढं नसते, बाई."

गिलास फळीवर पालथा पडून राहिला. पुढे मुख्याध्यापक बाजारात मायला भेटले आणि म्हणाले, पोरगा हुशार आहे, पण तुमच्या लोकांना दारूच नडते. ज्या माठाला त्याचा हात लागू दिला जात नव्हता, तो माठ त्यांच्याच खोलीच्या दाराशी होता. त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मायही बोलली नाही, याचा संताप मला आजही आवरत नाही.

छप्पन्न साली सारी वस्ती धम्मदीक्षा घ्यायला नागपूरला गेली. दारू पिणार नाही, हे भावाने सर्वांबरोबर मोठ्या आवाजात म्हटले आणि महिनाभर पाळलेही. मायच्या भाकरी त्या महिन्यात करपल्या नाहीत. शाळेत मात्र माठ ओट्यावरच होता, आणि भाऊ ओट्याखाली.

मग एका संध्याकाळी तो वास पुन्हा दारात आला. त्याने पाणी मागितले. हाताला लागला तो फळीवरचा गिलास मी भरून पुढे केला. त्याने तो घेतला नाही. माझ्यासमोर, आमच्याच घरात, तो कमरेत वाकला आणि त्याने ओंजळ धरली.

"वत," तो म्हणाला.

मी ओतत राहिले.